‘सैल’ म्हणायचं राहिलं

प्रिय दादा,

हे पत्र मी स्वतः टाइप करते आहे. संगणक अक्षरं बोलून दाखवतो, तेव्हा चुका दिसल्या तर त्याच्या माथी मार. कोणाच्या तरी माथी मारणं तुला जमतंच.

आपली दोघांची, पुढे-मागे दोन सीटांची सायकल तू माळ्यावरून काढलीस, असं वहिनीने कळवलं. मागच्या चाकाच्या मधोमध नवं गिअरचं हब बसवलंस म्हणे, आणि माझ्या मागच्या सीटवर आता तुझी चिमणी बसते. बारा वर्षांची पोर, तिची नजर माझ्याच वाटेने निघालेली. तिला तू बाहेर नेतोस, बरं वाटलं. माझी जागा होती ती, म्हणून पोटातही दुखलं. दोन्ही खरं आहे.

पहिलं हब बसवलं तो दिवस आठवतो? मेकॅनिककाकांनी माझा हात त्या गार डबीवर ठेवला. म्हणाले, सगळे गिअर हिच्या आत, बाहेरून काही दिसत नाही. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासाठीच केलेलं दिसतंय. तू किती हसलास तेव्हा. मग काकांनी दम भरला, ही वस्तू एका माणसाच्या जोरासाठी केलेली आहे, तुम्ही दोघं जोर लावणार. गिअर बदलताना दोघांनीही पाय हलके सोडायचे, नाहीतर आतले दाते मोडतील. गिअरची मूठ पुढे, तुझ्या हातात. म्हणून आपला शब्द ठरला. तू ‘सैल’ म्हणायचं, मी पाय सोडायचा, मग तू मूठ फिरवायची. तीन वर्षं एकदाही चुकलं नाही. झोपेत कोणी ‘सैल’ म्हटलं असतं तरी माझा पाय सुटला असता.

शर्यतीच्या दिवशी चढावर ती दुसरी जोडी शेजारून पुढे निघाली आणि तुझं डोकं फिरलं. तू मूठ फिरवलीस. शब्द नाही. मी मागे जीव तोडून पेडल मारत होते. हबमध्ये कडकन काहीतरी मोडलं, पायाखालचं पेडल एकदम रिकामं झालं आणि आपण आडवे झालो. तुला खरचटलं. माझा गुडघा अठरा वर्षं झाली तरी पुरता वाकत नाही. दिवसभर मी लोकांच्या गुडघ्यांना व्यायाम देते, आणि जिना उतरताना माझी कोण फजिती होते ते पेशंटना कळू देत नाही.

हॉस्पिटलात तू आईला म्हणालास, मी सांगितलं होतं गं, हिचंच लक्ष नव्हतं. मी दोन हातांच्या अंतरावर पडून ऐकत होते. मला दिसत नाही, दादा. ऐकूही येत नाही, हे त्या दिवशी तू ठरवलंस.  वाटलं, घाबरलायस, दोन दिवसांनी खरं सांगशील. पुढच्या मोसमात माझ्या जागी तुझा मित्र बसला. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, बिचारीला नाही जमलं. आई गेली तीही तेच समजून. यावरून मला तुझा फार राग आहे.

मेकॅनिककाकांनी हब उघडून मोडके दाते माझ्या तळहातावर ठेवले होते. न सांगता बदलला ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही काका, चूक माझी. तुझी लाज राखली. कशाला राखली, कोण जाणे.

हे सगळं मी गिळून बसलेच असते. पण काल शाळेतून आल्यावर चिमणीने फोन केला. हळूच विचारत होती, आत्या, बाबा गिअर बदलायच्या आधी काहीच बोलत नाहीत, मग पाय कधी सोडायचा हे तुला कसं कळायचं गं? मला कळत नाही, माझंच लक्ष नसतं. अगदी तुझे शब्द, दादा, तिच्या तोंडात.  रविवारी तू तिला त्याच चढावर नेणार आहेस. त्याआधी तिला समोर बसव आणि सांग, की त्या दिवशी तू ‘सैल’ म्हटलंच नव्हतंस. शनिवारी संध्याकाळी मी तिला फोन करीन. तोवर तू सांगितलं नसशील, तर मी सांगणार आहे.

तुझीच,
मागच्या सीटवरची