चिमणीतला बोळा

अहो,

घर विकत घेणाऱ्यांनी तपासणीला पाठवलेला माणूस येऊन गेला. स्वयंपाकघरातली चिमणी धूर ओढेना, म्हणून त्याने पाइप उघडला. आत बोळा निघाला, तुमच्या पलटणीतल्या हिरव्या बनियनचा.

मागं मी मसाल्याच्या मिरच्या भाजल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका ठसका लागतो म्हणून तक्रार घेऊन आले होते. तेव्हाच कोंबला असणार. मला बोलला नाहीत. मी खोकत राहिले, तर तुम्ही म्हणायचा, "तुला सवयच हाय."

मी कोरेगावला आईकडे चाललेय. यंदाच्या मिरच्या निवडून परातीत ठेवल्यात, तेवढ्या तुम्हीच भाजा. बोळा ओट्यावर आहे. आधी तो परत बसवा, काकांना त्रास नको.

शिवांजली