अर्ध्यावर ठेवलेला अध्याय

५ सप्टेंबर २००४, रविवार. देवास

मं.चा सराव आजपासून पुन्हा. (मंजिरी पूर्ण लिहीत नाही म्हणून ती चिडते. चिडो.) एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसतेय. गेल्या वर्षी गणित उत्तम, अडकली इंग्रजीत. उतारा वाचायचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, तिथेच कमी पडली. शाळा हिंदीतली, घरी मराठी, दारात माळवी. पोरीनं इंग्रजी आणायचं कुठून?

धारहून आक्काचा फोन. तिच्या ओळखीच्या शाळेत गणिताची जागा आहे, परीक्षेपर्यंत थांबतील म्हणाली. मं. लगेच म्हणाली, "या वेळी नाही झालं तर धारला जाईन, बाबा. तिसऱ्यांदा नाही बसणार." शाळेची नोकरी काही वाईट नाही. पण हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

९ सप्टेंबर

कंपनीतल्या साहेबांना सहज बोललो. त्यांनी त्यांचा इंग्रजी पेपर रोज संध्याकाळी घरी न्यायला सांगितलं. "स्टोअर में पड़ा ही रहता है, ले जाया करो." मागितलं नव्हतं, तरी मिळालं. अशी माणसं भेटतात.

मं. अग्रलेख वाचते, मी समोर घड्याळ घेऊन बसतो. एवढंच माझं काम.

१९ सप्टेंबर, रवि.

आज एक उतारा मी स्वतः करून पाहिला. डिक्शनरी मांडीवर. संध्याकाळ त्यातच गेली. मधमाश्यांवर होता. काही उत्तरं बरोबर आली. हिला, मं.च्या आईला, दाखवलं तर म्हणाली, "आता तुम्हीच जा परीक्षेला."

सरदारपूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी सहावीपासून होतं. माट्साब स्वतःच आदल्या दिवशी धडा पाठ करून येत. त्यांनी शिकवलं म्हणून आज मधमाश्यांपर्यंत पोचलो. रात्री देवापुढे त्यांची आठवण काढली.

३ ऑक्टोबर, रवि.

क्लासची सराव परीक्षा, इंदूरला. इंग्रजीत पुन्हा कमी. मं. जेवली नाही.

तिचा पेपर पाहिला. पहिल्या उताऱ्याची उत्तरं सगळी बरोबर. दुसऱ्याचीही. शेवटचे दोन उतारे कोरे. हातच लावलेला नाही. येत नाही म्हणावं तर जे केलं ते चोख. मग?

६ ऑक्टो.

सुटी टाकून तिच्या क्लासच्या सरांना भेटून आलो. तरुण माणूस, बोलायला मोकळा. म्हणाले, "अंकल, आपकी बिटिया पढ़ती बढ़िया है. बस छोड़ती नहीं है. कठिन पैसेज में घुस गई तो आख़िरी लाइन तक जाएगी, चाहे घंटी बज जाए. दूसरे बच्चों को पढ़ना सिखाता हूँ, इसको छोड़ना सिखाना पड़ेगा." आणखी एक युक्ती सांगितली, आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. चहा पाजला, पैशाला हात लावू दिला नाही.

घरी सांगितलं. युक्ती ऐकून ही म्हणाली, "म्हणजे फलश्रुती आधी आणि पोथी नंतर! चांगलाय तुमचा क्लास." तिघंही हसलो. मग मं. हळूच म्हणाली, "अर्धं सोडवत नाही, बाबा. पाप केल्यासारखं वाटतं."

७ ऑक्टो.

तिचा तो शब्द दिवसभर डोक्यात. पाप.

आमच्याकडे अध्याय अर्धा सोडत नाहीत. आमचे वडील, दादा, पोथीला बसले की दारात पाहुणा आला तरी हातानंच बस म्हणायचे. आम्ही पोरं भुकेनं कळवळलो तरी अध्याय संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. मी तेच केलं. मं. लहानपणापासून माझ्या शेजारी पाटावर बसून ऐकत आलीय. आता इंग्रजी उताऱ्यालाही तोच नेम लावते. यात तिचं काय चुकलं? उलट मला भरून आलं. पण परीक्षेला हे कोण सांगणार..

१४ ऑक्टोबर

घट बसले. पारायण सुरू. देवीच्या टेकरीवर पहाटेपासून लाउडस्पीकर. मं.ला उतारा सोडायला शिकवायचंय. सांगून होण्यासारखं नाही ते.

१७ ऑक्टो., रवि.

आज जे केलं ते आधी ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं.

सकाळी अध्याय लांबलचक निघाला. मं.ची इंदूरला सराव परीक्षा. रिक्षा सांगून ठेवली होती, टेकरीच्या गर्दीत अडकली असणार. ती दप्तर घेऊन दारात उभी. घड्याळाकडे बघते, माझ्याकडे बघते, हाक मारत नाही. मारणारच नाही, माझ्या हाताखाली वाढलेली पोर. मी ओवी पुरी केली, तुळशीचं पान ठेवलं, पोथी मिटली, नमस्कार केला, स्कूटरची किल्ली घेतली.

"बाबा! अध्याय अर्धा आहे!"

"देवी कुठे जातेय? इथेच आहे. आल्यावर वाचतो. बस मागे."

बसमध्ये चढताना म्हणाली, "खरंच तिथूनच वाचाल ना?" "पान ठेवलंय की."

घरी येऊन पाय धुतले, पान काढलं, त्याच ओवीच्या पुढून वाचलं. काही झालं नाही. भीती वाटेल असं वाटलं होतं. उलट देवी वाट बघत बसलीय असं वाटलं, जेवायला थांबलेल्या आईसारखी. इतक्या वर्षांत हे कधी कळलं नव्हतं.

ही म्हणाली, "पन्नाशीला आलात, आत्ता कुठे सुधारताय."

१८ ऑक्टो.

मं.नं काल एक उतारा अर्ध्यावर सोडला. सगळ्या उताऱ्यांना हात लागला. मार्क थोडे वाढले, पुरेसे नाहीत. पण काल जेवली.

आक्काला फोनवर हिनं सगळं सांगून टाकलं. आक्का मला म्हणाली, "भाऊ, दादा असते तर पाटासकट उचलून अंगणात ठेवलं असतं तुला." मग म्हणाली, "पोरगी वेळेवर पोचली ना पण?"

१५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आक्का चार दिवस येऊन गेली. मं. वाचत असली की टीव्हीचा आवाज कमी करायची. जाताना मला म्हणाली, "शाळेचं मी बघते, तू तिला त्याची आठवण नको करून देऊस." शाळेची गोष्ट तिनंच काढली होती. मोठी बहीण असावी तर अशी.

मं.चं कधी जमतं, कधी नाही. काल पुन्हा एका उताऱ्यात रुतून बसली.

५ डिसेंबर, रवि.

झाली परीक्षा.

सकाळी पोथी उघडलीच नाही. नुसता दिवा लावला, तिला केंद्रावर सोडायला इंदूरला गेलो. बाहेर झाडाखाली पालकांची गर्दी. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "भिया, अंदर वो हैं, पसीना अपने को आ रहा है."

बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. बसमध्ये खिडकीशी बसली. देवास जवळ आल्यावर आपणच बोलली.

"एक सोडला, बाबा. कुठल्याशा बेटावर दीपस्तंभ सांभाळणारा माणूस होता. शिधा घेऊन येणारी होडी आली नव्हती, आणि तो रोज किनाऱ्यावर जाऊन बघायचा. तिथपर्यंत वाचलं. प्रश्न अवघड होते, सोडून पुढे गेले. परत यायला वेळ उरला नाही."

"बाकीचे?"

"केले. बरोबर की चूक, निकालात कळेल." थोड्या वेळानं, "होडी आली असेल का हो?"

मी म्हटलं, असेल.

निकाल जानेवारीत. धारची शाळा तोवर थांबेल, आक्का म्हणते. संध्याकाळी हातपाय धुऊन देवापुढे बसलो. मं.साठी मागायचं होतं, मागितलं. साहेबांसाठी, सरांसाठी, आक्कासाठी हात जोडले. उठता उठता त्या दीपस्तंभाच्या माणसाची आठवण झाली. पुन्हा बसलो.