भरसभेतले मागणे

भोर, मंगळवार, डिसेंबर १९४२.

आमचे हे संस्थानचे कारभारी. प्रभातफेरीतली आमच्या भोरची पोरे पुण्याच्या गोऱ्या साहेबाने तुरुंगात डांबली, तेव्हापासून संस्थानचे आणि साहेबाचे बिनसलेले. तरी दोस्ती दिसावी म्हणून आज त्याचा जाहीर सत्कार. लोक नाइलाजाने जमलेले.

हार घालताना यांचे हात कापत होते. पण बोलले ठणठणीत, "साहेब, दोस्त म्हणून मागतो. आमची पोरं परत द्या."

साहेब लालबुंद. यांची नोकरी गेली का आता?

माझ्या शेजारी बसलेली विंझर गावची म्हातारी पुटपुटली, "लई धीराचा मानूस, बाई!"

त्या कापऱ्या हातांचा माणूस!

शेवटी साहेब उठून म्हणाला, "दोस्ताला नाही कसं म्हणू? सोडतो."

सगळ्यांनी साहेबासाठी टाळ्या वाजवल्या. यांच्याकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही. सर्वांत मोठ्याने तर हेच वाजवत होते.