दहाचा पाचवा घात

गुरुवार, १४ मार्च. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. लॅबमध्ये रक्त तपासायच्या यंत्रातले आकडे रिपोर्टांत उतरवत होतो, ते थांबवून लिहितो आहे.

प्रिय ताई,

हा दुसरा कागद. पहिल्यावर ‘तपासणी’ला पहिली वेलांटी पडली म्हणून फाडला.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. यंत्र आकडा कसाही देतं; रिपोर्टात तो शास्त्रीय रूपात लागतो. टिंबाच्या आधी एकच आकडा, तोही शून्य नको. टिंब जितकी घरं डावीकडे सरकेल, तितका दहाचा घात वाढवायचा. नववीत शाळा सोडलेल्या मला हे आमच्या मोठ्या मॅडमनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी टिंब न सरकवता बारा तसेच ठेवले, तेव्हा म्हणाल्या, “अक्षर मोत्यासारखं, आणि टिंब कुठंय? उंबऱ्यावर एकानेच उभं राहायचं, बाकीच्यांनी आत!” ‘मॅडम मला घात शिकवतात’ एवढंच तुला सांगितलं होतं, तर तू शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणालीस, “घात करतात तो करतात, वर शिकवतात पण?” भावोजींच्या हातातला चहा सांडला होता हसून.

काल तुझा आकडा माझ्याच हातून गेला. पांढऱ्या पेशी. यंत्राने १८६ × १०³ दिला. मी टिंब दोन घरं सरकवलं, घात दोनने वाढवला, १.८६ × १०⁵ लिहिलं, दोनदा पडताळलं. बरोबर होतं. तेवढ्यात तुझा फोन. “किती आलं रे?” मी म्हणालो, एक पॉइंट आठ सहा. “दोनाच्या आतच की! उगाच घाबरवलं डॉक्टरांनी,” म्हणालीस, आणि गणवेश शिवायचे राहिलेत म्हणून फोन ठेवलास. घात माझ्या तोंडातच राहिला.

आज दवाखान्यातल्या सिस्टरचा इथे फोन आला. बोलावूनही तू जात नाहीस. “माझा भाऊच तिथे आहे, त्याने सांगितलंय,” असं तू त्यांना ऐकवलंस.

ताई, तो आकडा एक लाख शहाऐंशी हजार आहे. अकरा हजारांच्या वर असू नये. याचा अर्थ डॉक्टर सांगतील, मला माहीत नाही. तुला तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत तीनदा मीच कापला. भावोजींना कामावरून बोलावून घेतलंय, बाहेर बाकावर बसलेत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. हे पत्र त्यांच्याच हाती देतो. वाचून झालं की त्यांना दे, आणि शिवण तशीच टाकून त्यांच्याबरोबर नीघ. डॉक्टर पाचपर्यंत आहेत. साडेतीनपासून मी दवाखान्याच्या दारात उभा असेन.

तुझाच,
धाकटा