सातव्या रिळाची व्यवस्था

मी, धोंडो लाडोबा कुडतरकर, वय अंदाजे बासष्ट, धंदा पूर्वी बायस्कोप दाखवणे व हल्ली खोकणे, मूळ राहणार सावंतवाडी संस्थान, सध्या मुक्काम मौजे नवेगाव बांध, तहसील साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. 'सध्या मुक्काम' हे शब्द मी गेली पंधरा वर्षे लिहीत आलो आहे. खोडायला कोणी सांगितले नाही.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. टेकचंद मास्तरांनी ती तीन प्रश्न विचारून तपासली. आज वार कोणता, राज्य कोणाचे, आणि परसराम पाटलांच्या म्हशी किती. पहिल्याचे उत्तर बरोबर आले. दुसऱ्याचे उत्तर यंदा खुद्द मास्तरांनाही नक्की देता येईना. तिसऱ्याचे पाटील कोणालाच खरे सांगत नाहीत. तेव्हा मी पास झालो असे ठरले.

हा कागद मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. उलट दुसऱ्यांवर थोडे दडपण आणावे असा माझा विचार आहे. तो सातव्या कलमात येईल.

कलम १. आधी मी इथे कसा आलो ते, म्हणजे पुढची वाटणी समजेल. सन १९३१ च्या दिवाळीनंतर इथल्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, आमचा बायस्कोप आला. मालक, बैलगाडी, हाताने फिरवायचे मशीन, एक पडदा आणि एकच सिनेमा, सात रिळांचा. सिनेमा मुका. मशीन फिरवायचे, पडद्यावर अक्षरे उमटत ती मोठ्याने वाचायची आणि मधले समजावून सांगायचे, हे माझे काम. डब्यावरचे नाव ओल्याने गेले होते. गाव त्याला आजही 'पावन्याचा सिनेमा' म्हणते.

गोष्ट साधी आहे. एका लहान शहरात एक अनोळखी माणूस येतो. कामसू आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण बाहेरचा. तो काम मागतो, दार लागते. राहायला खोली मागतो, दार लागते. सहावे रीळ संपते तेव्हा तो तापाने फणफणत धर्मशाळेच्या ओट्यावर पडलेला असतो. सातव्या रिळात काय होते ते या गावात फक्त मला माहीत आहे.

कारण त्या रात्री सहावे रीळ संपता संपता मलाच हिवतापाने धरले. थंडी अशी भरली की हँडल हातात राहीना. खेळ तिथेच मोडला. सकाळी मालकाला कळले की शहरांत आता बोलपट चालू झाले, मुक्या सिनेमाला कुत्रे विचारत नाही. तो गाडी जुंपून निघून गेला. मशीन, रिळे, पडदा आणि मी, असा सगळा निकामी माल शाळेच्या ओट्यावर ठेवून गेला. म्हणजे मी बरोबर सहाव्या रिळाच्या शेवटी येऊन पडलो होतो.

लोक येऊन बघून गेले. "बाहेरचा होय, मरन त पंचनामा लागन," असे पाटील म्हणाल्याचे मी कानांनी ऐकले. तेवढ्यात शामकलाबाई पेजेचे भांडे घेऊन आल्या. नवरा नसलेली बाई, धानाची एक बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, घरात दुसरे कोणी नाही. माझ्या तोंडाला भांडे लावून म्हणाल्या, "सिनेमातला पावना उठला का नाई, थे सांगाले तरी उठ ना भाऊ!"

मी उठलो. पण सांगता आले नाही. मी म्हणालो, "उठला, बाई. बरा झाला." ही माझी इथली पहिली थाप. पुढे तिचाच धंदा झाला.

कलम २. घर. भिंती मी रचल्या, छपरावर कवेलू मी चढवले, दार जुन्या बायस्कोपच्या फळीचे आहे. जागा परसराम पाटलांची. "जाईपर्यंत राहा," असे ते म्हणाले होते, आणि दर होळीला "मग, केव्हा जाता?" असे विचारत आले. पाटील, आता जातो. जागा तुमची तुम्हाला परत. दार तेवढे शाळेला द्यावे.

कलम ३. मागचा फणस. सावंतवाडीहून एका ओळखीच्या माणसाने आठळ्या धाडल्या होत्या, त्यातली एकच रुजली. गावात दुसरा फणस नाही. तेरा वर्षे फळला नाही तेव्हा पाटील येता जाता म्हणत, "तुमच्यासारखाच हाये, नुस्ता उभा." यंदा बुंध्याला तीन फळे धरली आहेत. झाड जागेबरोबर पाटलांकडे जाईल, ते तोडू नये. फणस कापण्याआधी हातांना आणि सुरीला तेल चोपडायचे असते, नाहीतर चीक दोन दिवस सुटत नाही. हे तेलाचे वाक्य मास्तरांनी पाटलांसमोर जरा हळू आवाजात वाचावे.

कलम ४. उदाराम ढिवराला माझा मोठा कंदील. इथे आलो त्या वर्षी त्याने मोठ्या मायेने तलावातला मासा आणून दिला आणि मी खाऊन म्हणालो, "छान आहे, पण चिखलाचा वास येतो." त्यानंतर पंधरा वर्षे तो मासे घेऊन आला की दारातून ओरडतो, "घे, चिखल आनला!" उदाराम, वास दुसऱ्या वर्षापासूनच येईनासा झाला होता. कबूल करायला लाज वाटली. आता तर सावंतवाडीचा बांगडा कसा लागतो ते मला आठवतही नाही, आणि ते कोणाला सांगू नकोस.

कलम ५. माझा काळा कोट मनिरामला. दर मंडईला तो दंडारीच्या खेळात माझी नक्कल करतो. कोकणी हेल, मान वाकडी, हातात खोटे हँडल, आणि लोक पोट धरून हसतात. आवाज त्याने आधीच नेला आहे, तेव्हा कोटही न्यावा. एक सूचना. मी खोकताना डावा हात छातीवर ठेवतो, उजवा नव्हे. पंधरा वर्षांत एवढे तरी जमायला हवे होते.

कलम ६. पडदा. तो माझ्या अंगावर घालावा, धुऊन ठेवला आहे. नवे कापड चुन्नीलालच्या दुकानातून आणू नये. तो वाराला चार बोटे मारतो, आणि मी उंच आहे. पाय उघडे राहतील.

पितळेचे पातेले, चादरी आणि डाकघरात जे काही असेल ते शामकलाबाईंना. त्या घेणार नाहीत. तरी द्यावे. मशीन आणि पहिली सहा रिळे शाळेला. टेकचंद मास्तर साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही असा कायदा आहे म्हणतात. म्हणून त्यांना फक्त कामे दिली आहेत.

कलम ७. हे कलम तिरडी उचलण्यापूर्वी, सर्वांना ऐकू जाईल असे वाचावे.

गावकरी हो, दर मंडईला तुम्ही मला पकडून विचारत आलात, पुढे काय झाले? मी सांगितले की सातवे रीळ बिघडले आहे, आणि तोंडी शेवट केला. एका वर्षी पावन्याने धानाची गिरणी टाकली. एका वर्षी डाकबाबूच्या पोरीशी त्याचे लग्न लावले. त्या वर्षी तुमच्यात दोन तट पडले आणि पाटील उठून म्हणाले, "पोरगी देल्ली त देल्ली, पन बाहेरच्याले बांधी नोका देऊ! उद्या थो आपल्याच डोक्यावर बसन!" त्यावर सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "देऊन टाका जी बांधी!" मी मुकाट्याने पावन्याला बांधी दिली. पाटील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

खरे ऐका. सातवे रीळ बिघडलेले नाही. बाजेखाली पत्र्याचा डबा आहे, कुलूप लावलेला. त्यात पावना त्याच ओट्यावर मरतो. शहरातले एकही दार उघडत नाही. खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. सकाळी कचऱ्याचा खटारा येतो आणि त्याला नेतो. शेवटी एकेक बंद दार दिसत राहते. हे रीळ मी दुसऱ्या गावांत शेकडो वेळा फिरवले आणि प्रत्येक वेळी मान वळवली. मला त्या खटाऱ्याची भीती वाटते. हे मी गमतीने लिहीत नाही. माझे इथे रक्ताचे कोणी नाही, आणि बाहेरच्याला खांदा देण्याचा रिवाज मी इथे पाहिलेला नाही.

म्हणून अट अशी. मला चार खांदे मिळावेत. परसराम पाटील, उदाराम, चुन्नीलाल आणि मनिराम. मुद्दाम हीच चार नावे घातली आहेत. मिळाले तर तो डबा तलावात बुडवावा. न मिळाले, आणि मला गाडीत घालून नेले, तर येत्या मंडईत मास्तरांनी सातही रिळे सबंध गावाला दाखवावी आणि पडद्यावरची अक्षरे जशीच्या तशी वाचावी. मग पोराबाळांना काय सांगायचे ते तुमचे तुम्ही बघा.

कलम ८. हे कलम वेगळ्या पाकिटात आहे. घाटावर अग्नी दिल्यानंतरच उघडावे.

डब्याला कुलूप आहे, आत काही नाही. उगाच तलावात बुडवू नका, चांगला डबा आहे, शामकलाबाईंना बियाणे ठेवायला होईल.

मी बरा झालो त्याच्या पुढच्या वर्षी बाईंच्या बांधीवर राघू उतरले. लोंब्या भरलेल्या, आणि थव्याच्या थवा. त्या एकट्या टिनाचा डबा वाजवत दिवसभर उन्हात पळत होत्या. मी सातवे रीळ काढले, हातभर हातभर तुकडे केले आणि सुतळीला बांधून बांधीभर लटकवले. वाऱ्यावर ते फडफडले, उन्हात चकाकले, आणि राघू गेले. बाई म्हणाल्या, "मोठी कामाची चीज हाये जी ही. पहिले काऊन नाई काढली?"

मग शेजाऱ्याने मागितले, मग त्याच्या शेजाऱ्याने. सगळ्यांत जास्त तुकडे पाटलांनी नेले. तेव्हा सातवे रीळ तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहे, दर पिकाला, पंधरा वर्षे, फक्त उन्हाकडे धरून पाहिले नाहीत. त्या शहराची बंद दारे तुमच्या धानाची राखण करत होती. पावन्याचा याहून चांगला शेवट मला सुचला नाही. सातव्या कलमात तुम्हाला धाक घातला त्याबद्दल माफी असावी. मला खात्री नव्हती.

याउपर माझे काही म्हणणे नाही, आणि असले तरी ऐकवायला मी नसेन. वर लिहिले ते वाचून पाहिले, दोन ठिकाणी हसलो, एका ठिकाणी थांबलो, आणि मग सही केली.

मौजे नवेगाव बांध, तारीख १७ एप्रिल १९४७.

(सही) धोंडो लाडोबा कुडतरकर

साक्षीदार: १. टेकचंद मास्तर, शाळा, नवेगाव बांध. कलम ८ न वाचता सही केली.
२. ईश्वरदास डाकबाबू. माझ्या पोरीचे लग्न परस्पर लावल्याबद्दल हरकत नोंदवून सही केली.

साक्षीदार क्रमांक १ याची पुढील नोंद, तारीख २२ जून १९४७

लिहून देणार ९ जूनला सकाळी वारले. कागद माझ्या पेटीत होता. तो आणायला मी घरी गेलो, चष्मा सापडेना म्हणून थोडा वेळ गेला. परत आलो तर घरात कोणी नव्हते. तिरडी तलावाच्या पाळीपर्यंत पोहोचली होती. मी कागद हातात घेऊन मागे पळालो, पण सातवे कलम वाचायला कोणी थांबेना. खांदे इतक्यांदा बदलले गेले की मला नावे टिपता आली नाहीत. एवढे पाहिले की पुढचा उजवा खांदा परसराम पाटलांचा होता, आणि शेवटपर्यंत त्यांनी तो कोणाला दिला नाही.

सातवे आणि आठवे ही दोन्ही कलमे घाटावरच वाचली. बायका घाटावर येत नाहीत, पण शामकलाबाई आल्या होत्या. त्या उठून जवळच्या आपल्या बांधीकडे गेल्या. मागच्या हंगामाची एक पट्टी खुंटाला राहिली होती, ती सोडून त्यांनी उन्हाकडे धरली. बराच वेळ पाहत होत्या.

काल तेरवीला पाटलांनी फणस कापला. कलम तीनमधले तेलाचे वाक्य मी आज्ञेप्रमाणे हळू वाचले होते. आज सकाळी ते शाळेत आले. दोन्ही हातांचा चीक चिंधीने पुसत बाकावर बसून राहिले. चीक काही निघेना. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"मास्तर, थो सिनेमातला पावना आपल्या गावाले काऊन नाई आला जी?"