जनीचा टाकळा

आषाढ, मंगळवार. रात्र. मुलुंड.

डोकं ठिकाणावर नाही. आमचे हे सोसायटीच्या गेटवर वॉचमन, आज यांनी जनीला हाकललं. जनी मागच्या डोंगरावरच्या पाड्यातली. दर पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खुडून आणते, मीच घेते तिच्याकडून. टाकळा उगवतो ती जागा आता सोसायटीच्या भिंतीच्या आत गेलीय. जनी आत शिरून खुडत होती, तर यांनी भारासुद्धा काढून घेतला. आणि घरी आणला! मी तोच टाकळा निवडत बसले.

बाजूला माझी पोरगी प्राची इतिहास घोकत होती. आधी माणसं रानातलं वेचून खायची, मग शेती आली, मग धान्याची कोठारं, मग भिंती, मग नगरं, मग राजा.

मी विचारलं, "आणि वेचणारे कुठे गेले गं?"

"ते नाहीये पुस्तकात. आई, मध्ये बोलू नको ना."

जेवताना यांना म्हटलं, "आपोआप उगवतं ते. सोसायटीच्या बापाने पेरलं होतं काय? उद्या येऊ द्या तिला."

"देतो ना. मग ही खोली पण सोडू. तूच शोध दुसरी."

खोली नोकरीबरोबर मिळालीय. भिंतीच्या आत आहे.

टाकळा कोवळा होता. तिघांनी खाल्ला. मीपण.

उद्या जनी गेटवरून मला हाक मारणार, भांडायला नाही, मी मध्यस्थी करावी म्हणून. आणि मी दार लावून आत बसणार. दुसरं काय करू?