गोरा डावा हात

मुलुंड पूर्व
३ फेब्रुवारी २०२५

चि. गंधालीस,
शुभाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील. सगळं ठीक आहे. फोन करणार होते, पण आमच्या वन बीएचकेमध्ये बेडरूममध्ये कुजबुजलं तरी हॉलमध्ये ऐकू जातं. आणि माझं व्हॉट्सॲप तुझ्या काकांनी 'सोयीचं पडतं' म्हणून स्वतःच्या लॅपटॉपला लिंक करून ठेवलंय. पत्र मात्र या घरात एकदम सेफ. अख्खी नोकरी टपाल खात्यात काढलेला माणूस. दुसऱ्याचं पाकीट उघडणं सोड, पोस्टकार्डसुद्धा पालथं धरून आणून देतात. तेव्हा उत्तर पत्रानेच पाठव.

तर ऐक. मी बुधवारी-शनिवारी सकाळी योगाला जाते ना, ती जात नाही. मी गोल्फ खेळते.

हसून झालं? आमच्या बँकेतली कुंदा मला ठाण्याकडच्या एका रेंजवर घेऊन गेली. म्हणजे जाळी लावलेलं मोठं मैदान, एका जागी उभं राहून बॉल मारत बसायचे. पहिल्या दिवशी बॉल तिथेच राहिला आणि मीच गोल फिरले. आता दीड वर्ष झालं. आता बॉल जातो गं! नीट लागला की 'टक्' असा एक आवाज येतो. तो सकाळी एकदा ऐकला की मग दिवसभर घरात कोणी काहीही बोलो.

आता मुद्दा. मे महिन्यात कुंदा आणि मी स्कॉटलंडला जायचं म्हणतोय. तिथे समुद्राला लागून गोल्फची मैदानं असतात, त्यांना लिंक्स म्हणतात. झाड नाही, सावली नाही, नुसती वाळू, खुरटं गवत आणि वारा. माझ्या आजोळी समुद्र आणि भातशेतं यांच्या मधे पुळण होती, डिट्टो तशी. लहानपणी मी तिथे काठीने करवंट्या उडवायचे. फोटो बघितला आणि म्हटलं, जायचंच.

काकांना कळलं तर ते नाही म्हणणार नाहीत, तोच तर प्रॉब्लेम आहे. ते म्हणतील, मीही येतो. मी पोहायला गेले तर ते काठावर उभे राहून हात कसे मारायचे ते ओरडून सांगायचे. पोहणं सुटलं. गाडी शिकायला घेतली तर शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचे. गाडी सुटली. माणूस लाखात एक आहे, तुला माहीत आहे. पण ही एक गोष्ट मला माझी मी बिघडवायची आहे.

व्हिसा, बुकिंग, कुठलं मैदान घ्यायचं, हे सगळं तू तुझ्या कॉम्प्युटरवरून बघशील का? माया आहे तशी ठेव आणि तोंड बंद ठेव.

तुझी
शुभाआत्या


बोरिवली पश्चिम
९ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (शाळेत मार्कांसाठी पाठ केलं होतं. आज वसूल झालं.)

आत्या, तू म्हणजे एकदम झकास निघालीस यार! मी क्लिनिकमध्ये पेशंटसमोर पत्र उघडलं आणि एवढ्या जोरात हसले की तो बिचारा चेहऱ्यावरचे पिंपल्स झाकायला लागला.

आधी कबूल करते, 'लिंक्स' वाचून मला आमचा लिंक रोडच आठवला. म्हटलं, हिला दहिसरच्या सिग्नलला बॉल मारायचेत की काय. मग शोधलं. तीन मैदानं मिळालीत, तिन्ही एकाच किनाऱ्यावर, गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात. पहिल्याचा सातवा होल बघ फक्त. मधे समुद्र आत घुसलाय. बॉल पाण्यावरून पलीकडे मारायचा, नाहीतर माशांना द्यायचा. आठवड्याभरात तिन्ही होतील आणि एक दिवस पाय चेपायला उरेल.

दोन गोष्टी. तुमचा 'टी टाइम' सकाळी पावणेआठला मिळतोय. टी टाइम म्हणजे पहिला बॉल मारायची वेळ. चहा नाही, हे मला आत्ता कळलं. आणि तिथे बायकांना हँडिकॅप छत्तीसपर्यंतच चालतं, तसा क्लबचा कागद लागतो. आकडा कमी म्हणजे खेळ चांगला, बरोबर ना? तुझा किती?

तिथे वारा भयंकर असतो म्हणे. तर रविवारी इकडे ये. जेट्टीवरून गोराईला जाऊ आणि बीचवर प्लास्टिकचे बॉल मारून बघू. काकांना सांग, तिथला पॅगोडा बघायला चाललीस. माहितीपत्रकं प्रिंट काढून सोबत घातलीत, तुझा फोन फितूर आहे ना.

लाड जास्त कर, उपदेश कमी.

तुझी
गंधाली


मुलुंड पूर्व
२४ फेब्रुवारी

चि. डॉ. गंधालीस,
विद्याधरकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रथम एक तक्रार. तुझं शुभाला आलेलं पाकीट वीस ग्रॅमच्या वर होतं आणि तिकीट कमी. आपल्या पोस्टमन नंदूने माझ्याकडून दंड घेतला, योग्यच केलं. डॉक्टर आहेस, वजन करत जा. आत काय होतं ते मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

आता हे तुला डॉक्टर म्हणून लिहितोय, शुभाला कळू देऊ नकोस. तिचा डावा हात गोरा होत चाललाय. मनगटापर्यंत. उजवा आहे तसा सावळा, उलट जरा जास्तच. आधी वाटलं, ट्यूबलाइटमुळे दिसतंय. मग गॅलरीत उन्हात नीट बघितलं. डाव्या हातातलं घड्याळ आणि बांगड्याही उजव्यात गेल्यात. विचारलं तर म्हणाली, फॅशन आहे.

पुढचं वाचून घाबरू नकोस, मी घाबरलोच आहे. परवा ती कुंदाशी फोनवर बोलत होती. मी ऐकत नव्हतो, भिंत पातळ आहे. म्हणाली, "माझं हँडिकॅप पंचेचाळीसवरून छत्तीसवर आलं, आता स्कॉटलंडवाले घेतील." गंधाली, सरकारी सर्टिफिकेट चाळीस टक्क्यांना देतात हे मला माहीत आहे. म्हणजे ही बाई त्याच्याही वर होती आणि मी समोर बसून पेपर वाचत होतो! इथल्या डॉक्टरांनी हात टेकले म्हणून स्कॉटलंड का? कोणी प्रीतम सर म्हणून आहेत, त्यांनी मनगट वळवायला मनाई केलीय, हेही कानावर आलं.

त्यात तुझ्याबरोबर पॅगोड्याला गेली आणि बुटात मूठभर वाळू घेऊन आली. पॅगोड्यात एवढी वाळू कुठून?

मी हल्ली तिला बादली उचलू देत नाही. ती चिडते. चिडणं हे लक्षण आहे का? मधेच हसते आणि हवेत हात फिरवते. ते?

आमच्यात तीच खमकी आहे. तिला काही झालं तर मला कुकर किती शिट्ट्यांनी बंद करायचा हेही ठाऊक नाही. जीव थोडा थोडा होतो. उत्तर लगेच टाक, पुरेसं तिकीट लावून.

तुझा
विद्याधरकाका


बोरिवली पश्चिम
१ मार्च

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि. बिव्ही सगळं नंतर. वाट लागलीय.

काकांचं मला पत्र आलंय. काय लिहिलंय ते सांगणार नाही, त्यांनी डॉक्टर म्हणून लिहिलंय आणि आमच्यातही तुमच्या पोस्टासारखं असतं. मी त्यांना एवढंच कळवलंय की आत्याला कसलाही आजार नाही, काळजी सोडा, बाकी तिलाच विचारा.

पण तू एक कर. तुझे दोन्ही हात शेजारी शेजारी टेबलावर ठेव आणि बघ. डाव्या हातात ग्लोव्ह घालून दीड वर्ष उन्हात उभी राहिलीस, बाई. मी स्किनची डॉक्टर, गोराईला तुझ्याबरोबर अख्खी सकाळ घालवली आणि माझ्या लक्षात आलं नाही! ती कोळीण मावशी आली होती ना, "खेकडं मारतंस काय गो?" विचारत, तेव्हा मी हसण्यातच गेले. काकांनी मात्र बघितलं. आणि बघून त्यांनी जे काय इमॅजिन केलंय ना, ते वाचून मी आधी हसले आणि मग डोळे पुसले.

सांगून टाक त्यांना. आजच. काय होईल ते होईल.

माझ्यावर चिडलीस तरी चालेल, आंबोळ्या बंद करू नकोस.

गंधाली


मुलुंड पूर्व
१३ मार्च

चि. गंधालीस,
आशीर्वाद, आणि थोडा रागसुद्धा.

सांगितलं. सकाळच्या चहाला. ग्लोव्ह आणून टेबलावर ठेवला आणि सगळं एका दमात बोलले. ह्यांनी माझा डावा हात ओढून घेतला, त्यात ग्लोव्ह घातला, काढला, परत घातला. गोरा भाग बरोब्बर झाकला गेला. मग म्हणाले, "म्हणजे छत्तीस टक्के नाही ना?" आणि असे हसायला लागले की शेजारच्या जानकीबाईंनी बेल वाजवली. माझ्याही डोळ्याला पाणी आलं. वाटलं, उगीच लपवलं मी.

उगीच नव्हतं लपवलं. दुसऱ्या दिवशीच फाइल तयार! वर नाव, 'स्कॉटलंड'. आत हवामान, बसचं टाइमटेबल आणि गोल्फचे नियम, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केलेल्या. शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर आले. मागे उभं राहून म्हणाले, डोकं खाली. म्हणाले, गुडघा. माझा कोच प्रीतम सव्वीस वर्षांचा पोरगा, तोही बाजूला झाला, आता हेच कोच. अख्ख्या सकाळी एकदाही 'टक्' झालं नाही. घरी येताना बूट घेऊन आले, गवतावर चालायचे. 'आपण' स्कॉटलंडला जाणार म्हणून कुंदाला फोनही केला.

कुंदा म्हणते, येऊ देत, काय बिघडतं. तिला काय सांगू? मी तिकीट रद्द करावं म्हणतेय. भांडण नाही काही. नुसता कंटाळा आला. बुधवारी मी गेलेच नाही.

इतकी वर्षं लावलास तसाच जीव लाव. उपाय नाही सापडला तरी चालेल.

शुभाआत्या


बोरिवली पश्चिम
१८ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि. पाकिटाचं वजन केलंय.

काका, तुम्ही माझ्यावर रागावणार आहात, तेव्हा आधी आठवण देते. मी चौथीत असताना सुट्टीत तुम्ही मला तुमच्या पोस्टात घेऊन गेला होतात. एका पाकिटाचा डिंक सुटला होता आणि आतला निळा कागद दिसत होता. मी वाकून वाचायला गेले. तुम्ही हातावर फटका मारलात, पाकीट चिकटवलंत आणि म्हणालात, आपण फक्त पत्ता बघायचा आणि पुढे द्यायचं.

हे स्कॉटलंडचं पाकीट कोणाच्या नावाचं आहे, बघा ना.

आत्या बुधवारी रेंजवर गेली नाही. तुम्ही विचारलंत, का? नसेल विचारलंत. तुम्हाला वाटलं असेल, थकली. तुम्ही तिचा हात उन्हात धरून बघितलात, तसंच तिच्या तोंडाकडेही बघा एकदा.

जास्त बोलले. प्रेमात कपात करू नका, दंड हवा तर घ्या.

तुमची
गंधाली


मुलुंड पूर्व
२७ मार्च

चि. गंधालीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. राग आला. उत्तर लिहिलं, फाडलं. मग तू सांगितलंस तसं बघितलं. शुभा पोळ्या करत होती आणि लाटणं नुसतं हातात धरून खिडकीबाहेर बघत होती. पोळी करपली. ती कधी करपत नाही.

मी येत नाही, असं तिला सांगितलं. तिने आनंद दिसू दिला नाही. त्यासाठी तिला बरेच कष्ट पडले. मग किचनमध्ये जाऊन गुणगुणायला लागली. भिंत पातळ आहे.

शनिवारी रेंजवर एकटी गेली. मी गॅलरीत बसून नियमांचं पुस्तक वाचलं. एवढं वाचून फुकट कसं घालवायचं? फाइल रद्दीत दिली, हवामानाचं पान तेवढं ठेवलंय. बूट ठेवलेत, सकाळी तलावाकडे फिरायला होतील.

तिला एकच अट घातलीय. तिथून मला पत्र टाकायचं. फोटो नकोत, पत्र. ती म्हणाली, अहो, ते यायच्या आत मीच घरी येईन. मी म्हटलं, मला घाई नाही.

फटका मारल्याचं मला आठवत नव्हतं. जोरात लागला होता का?

तुझा
विद्याधरकाका


स्कॉटलंड
१८ मे

अहो,

नमस्कार. काय लिहायचं असतं नवऱ्याला? लग्नानंतर तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही, तुम्ही कायम शेजारीच.

हॉटेलच्या खिडकीतून मैदान दिसतंय. पुळणच आहे हो. तसंच गवत, तशीच वाळू तोंडात जाते. वारा मात्र असा की कुंदाची टोपी आयर्लंडला पोचली असेल. डावा काय आणि उजवा काय, दोन्ही हात थंडीने सारखेच लाल झालेत. तुम्ही बघितलं असतंत तर पुन्हा गंधालीला पत्र टाकलं असतंत.

आज तो सातवा होल खेळले. समुद्र ओलांडायचा. पहिला बॉल माशांना दिला. दुसराही. कुंदा म्हणाली, सोड. मी तिसरा ठेवला. डोकं खाली होतं की वर, मला माहीत नाही. टक् झालं. बॉल वाऱ्यात वाकडा गेला, एका खडकावर आपटला आणि पलीकडच्या गवतावर जाऊन पडला. खडकामुळे गेला. पण गेला.

मी मागे वळून बघितलं. कोणी काहीच सांगत नव्हतं. इतकं बरं वाटलं! मग थोडं चुकल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहितेय.

कुकर तीन शिट्ट्यांनी बंद करायचा.

हे पत्र पोचेल तेव्हा मी घरी असेन, बहुतेक ओट्यापाशी. तुम्ही खालच्या पेटीतून काढाल, वजनाचा अंदाज घ्याल, शिक्का वाचाल आणि सवयीने पालथं धरून मला द्यायला किचनमध्ये याल. मी घेणार नाही.

वरचं नाव वाचा. तुमचं आहे. उघडा.

तुमची
शुभा